डाव्या हाताची मुरड

तुझ्या धाकट्या आजीला सगळे भिंगरी का म्हणतात हे तू परवा विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. आता सांगते. लिहून घे, आणि मध्ये मध्ये थांबवू नकोस, नाहीतर माझी गाडी कुठल्या कुठे जाईल.

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ. तुझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. पहिल्याच दिवशी मी चहा दिला तर उभ्याने प्यायली. म्हटलं, बस की गं. बसली. मी कप ठेवून वळते तोवर ही खिडकीशी. खिडकीतून दाराशी, दारातून जिन्यात, जिन्यातून खाली रस्त्यावर. कोण बाई टोपलीत खायचं घेऊन चालली होती, तिच्या टोपलीत डोकावून परत वर. मी नवऱ्याला म्हटलं, "भाऊजींनी बायको आणलीय की भिंगरी?" झालं. नाव चिकटलं ते चिकटलं. तसंही खरं नाव तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. कागदावर होतं एक, पण ते निर्वासितांचे कागद करणाऱ्या साहेबाने आपल्या मनाने घातलेलं.

ती सहा वर्षांची होती तेव्हा त्यांच्या देशात मोठी धुमश्चक्री झाली. कोण कुणाला मारत होतं आणि कशासाठी, ते तिला तेव्हा कळलं नाही आणि मला आजही सांगता येणार नाही. बाप आधीच गेलेला. आईने दोघी मुलींना पुढे धाडलं, मी मागून येते म्हणाली. ती काही आली नाही. बारा वर्षांची ताई सहा वर्षांच्या हिचा हात धरून धक्क्यावर आली. होडीत चढायला ही झुंबड. ताईने हिला उचलून होडीत टाकलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की पिठाचं गाठोडं धक्क्यावरच राहिलं. म्हणाली, "इथेच बस. हलू नकोस. मी पीठ घेऊन आले."

ही बसली. हलली नाही. होडी हलली.

तेव्हापासून बाई कुठे बसली की लगेच उठते. बसलं की काहीतरी सुटून जातं असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते कोण काढणार? आमच्या घरात सगळे हसायचे, मीही हसायचे. ही गोष्ट मला कळली ती लग्नानंतर दोन वर्षांनी, कांदे सोलताना. बरं झालं कांदे होते.

बहिणीला शोधायचं म्हणून ती ऑफिसांतून हिंडली होती. कारकुनाने विचारलं, "बहिणीचं नाव?"

"ताई."

"ते झालं. पण लोक काय म्हणायचे?"

"लोकांचं मला काय माहीत? मी ताई म्हणायचे."

"आणि तुम्हाला काय म्हणायचे?"

"चिमी."

कारकून भला माणूस होता, त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "बाई, अशाने मी तुम्हाला हजार ताया आणून देईन, तुम्हीच दमाल."

गावाचं नाव आठवत नाही, घराचा रंग आठवत नाही. एकच गोष्ट तिला पक्की आठवायची. आई पिठाची पारी लाटायची, सारण भरायची, अर्धी दुमडायची आणि कड मुरडत जायची. डाव्या हाताने. तू बघ, सगळ्या बाया उजव्या हाताने मुरड घालतात, तर तिची वेणी एका बाजूला कलते. डाव्या हाताने घातली की ती दुसऱ्या बाजूला कलते. चिमी आईच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि आईचं बघून डाव्या हातानेच मुरडायची. शेवटचा कोपरा मात्र तिला जमायचा नाही. तो उघडाच ठेवून ती पुढे सरकवायची, आणि ताई तो आत दुमडून शेपटीसारखा पीळ देऊन बंद करायची. आईची कड, ताईचा कोपरा. बहिणीची तेवढीच खूण हिच्या हातात राहिली होती. तोंडही आठवत नव्हतं गं. कोपरा आठवायचा.

मग आम्ही दोघी कारखान्यात लागलो. तू तो बघितला नाहीस, आता तिथे गाड्या धुतात. लांबलचक खोली, पत्र्याचं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोक्याला पांढऱ्या टोप्या, आणि पंचवीस बाया सारण भरून कडा मुरडतायत. गोठवून पेट्या भरायच्या, ट्रक यायचा. त्या वस्तूला नाव काय, तर पंचवीस बायांची पंचवीस. प्रत्येकीच्या देशात वेगळं नाव, आणि दुसरीचं नाव घ्यायला कोणी तयार नाही. शेवटी सगळ्या जणी नुसतं 'मुरडी' म्हणायला लागल्या. आज किती मुरडी झाल्या, माझ्या मुरडी कोणी हलवल्या, असं.

आणि भांडण एकच, रोजचं. ही मुळात कुणाची?

एक थंड देशातली होती, आम्ही तिला बर्फी म्हणायचो, बर्फातून आली म्हणून. ती सांगायची की त्यांच्याकडे हिवाळा लागला की घरातल्या सगळ्या बाया दोन दिवस बसून गोणीभर मुरडी करायच्या आणि गोणी दाराबाहेर टांगून ठेवायच्या. बर्फ हाच त्यांचा फ्रीज. पुरुष शिकारीला निघाले की मूठभर खिशात. "तुम्हाला मशीन लागतं," म्हणायची, "आमच्या आजीला नुसता दरवाजा पुरत होता."

दुसरी बेटावरची. तिच्या घरचे सगळे खाणीत. ती कड जाडजूड ठेवायची, दोरखंडासारखी. का, तर खाणीत हात काळे, म्हणून कड धरून खायचं आणि कड टाकून द्यायची. बर्फीला हे ऐकून राग. "टाकून देता? आमच्याकडे कडेसाठी भावाभावांत मारामारी व्हायची."

"तुमच्याकडे मारामारीशिवाय काय होतं?" बेटवाली.

आणि एक डोंगरवाली होती, फार कमी बोलायची. ती कडेला सातच चिमटे घ्यायची. लहान असो, मोठी असो, सातच. एकदा मी विचारलं, सात का? म्हणाली, "आम्ही सात भावंडं. आई एकेकाचं नाव घेत चिमटा घ्यायची." मी म्हटलं, आता सगळी कुठे असतात? म्हणाली, "तीन राहिलो. चिमटे सातच."



आपली भिंगरी या सगळ्यांच्या मध्ये. तिला सगळ्यांच्या मुरडी यायच्या. बर्फीची टोपीसारखी, बेटवालीची दोरखंडासारखी, डोंगरवालीची सात चिमट्यांची. पण तिची स्वतःची डावीच. आणि कोपरा आला की अंगठ्याने दाबून टाकायची. मी म्हणायचे, अगं, तू सगळ्यांचे कोपरे करतेस, बहिणीचा तेवढा येत नाही होय? म्हणायची, "तो माझा नाही, जाऊबाई. तो ताई करेल."

सुपरवायझर बाई आली नवीन, तिने फर्मान काढलं की सगळ्या मुरडी एकसारख्या झाल्या पाहिजेत, गिऱ्हाइकाला वाटतं पेटीत चार कारखान्यांचा माल भरलाय. एक साचा आणला. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि साचा धरला. भिंगरीने पण धरला. पण प्रत्येक थाळ्यात एक मुरड डावी टाकायची. एकच. सुपरवायझरने चार वेळा पकडली, झाप झाप झापली. भिंगरी मान खाली घालून ऐकायची आणि पुढच्या थाळ्यात परत एक.

"हे काय आहे?" बाईने विचारलं.

"पत्र आहे," भिंगरी म्हणाली.

बाईने थाळा पुढे ढकलला. पण पेट्या बंद होताना मी पाहिलंय, ती डावी मुरड असली की बाई ती उचलून सगळ्यांत वर ठेवायची.

आता तू म्हणशील, मग यात शोधणं कुठे आलं? शोधणं सगळीकडे होतं, बाळा! आम्हाला लाज आणायची ही बाई. दुकानात गेली की काचेला नाक लावून कडा बघायची. कुणाच्या घरी गेलो, ताट पुढे आलं, की पहिल्यांदा मुरड उलटी करून बघणार. भाऊजी म्हणायचे, "लोकांच्या बायका चव बघतात, माझी कडा बघते. शिंप्याशी लग्न करायला हवं होतं हिने." एका लग्नात तर कहर केला. पंगत बसलेली, आणि ही पंगतीतून चालतेय, आणि दुसऱ्यांच्या ताटातल्या मुरडी उचलून उलट्या करून परत ठेवतेय! नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं, "काय हो, केस सापडला का?" मला वाटलं धरणी दुभंगावी.

आणि एकदा सापडली. म्हणजे असं वाटलं. एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये, इथून दिवसभराच्या वाटेवर, कुणीतरी डाव्या मुरडी पाहिल्या असं ट्रकवाल्याने सांगितलं. भिंगरी कामाला न सांगता निघाली. कँटीनची बाई म्हणाली, मला सासूने शिकवलं. सासूकडे गेली. सासू म्हणाली, आमच्याकडे एक पोरगी भाड्याने राहायची, तिने शिकवलं. त्या पोरीचा पत्ता काढला, तीन दिवस लागले. दार उघडलं, तर ती आमच्याच कारखान्यातली! आमच्या टेबलावर सहा महिने होती, भिंगरीच्या शेजारी. पोरगी केवढ्या आनंदाने म्हणाली, "मावशी, तुम्हीच तर शिकवलंत मला."

घरी आली तेव्हा ती मोठ्याने हसत होती. "जाऊबाई, मी माझ्याच पावलांमागे चार दिवस पळत होते." हसली, हसली आणि मग भांडी घासायला लागली. घासलेली भांडी परत घासली. त्या दिवशी मी तिला म्हटलं की आता पुरे. तुझा जीव टांगणीला, आमचा पण टांगणीला. तिने मान हलवली. पण पाय काही थांबले नाहीत.

आता मी काय केलं ते ऐक. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. भिंगरीला माहीत आहे, बस.

तुझ्या आईचं लग्न. हॉल इथलाच, पण जेवण तुझ्या बाबांकडच्यांनी ठरवलेलं, त्यांच्या शहरातून व्हॅनने येणार होतं. मी मुलीची आई, सकाळपासून पायाला चाकं. व्हॅन आली, मी मागच्या खोलीत गेले, वाढप्यांनी थाळ्यांवरचे कागद काढले. मुरडी.

सगळ्या डाव्या.

मी एक हातात घेतली. कोपरा बघितला. अंगठ्याने दाबलेला नव्हता. आत दुमडून, पीळ देऊन, शेपटीसारखा बंद.

 असं वाटलं ओरडावं, भिंगरे, ये गं! आणि त्याच क्षणी मला बाहेर तुझ्या बाबांकडचे काका-मामा दिसले, कडक इस्त्रीचे, आणि मला ती पंगत आठवली, आणि तो केस सापडला का म्हणणारा. हिने बघितलं तर ही व्हॅनमध्ये उडी मारून बसेल, नाहीतर हॉलच्या मधोमध रडत सुटेल. आणि कँटीनसारखं परत काहीच निघालं नाही तर? माझ्या लेकीचं लग्न, एकुलती एक लेक. मी वाढप्याला म्हटलं, "चार चार तुकडे करा."

"मुरडीचे? बाई, सारण सांडेल."

"सांडू दे. वरून सॉस ओता. भरपूर."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला हॉलला आग लावायला सांगतेय. पण केले तुकडे. मी एक मुरड अख्खी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. का टाकली, विचारू नकोस. तेवढी लाज शिल्लक होती म्हणून असेल.

जेवताना भिंगरी माझ्या शेजारी येऊन उभी. "जाऊबाई, मुरडी कापून कोण वाढतं?"

"मोठ्या होत्या."

"आणि एवढा सॉस?"

"त्यांच्याकडची पद्धत असेल. जा ना, पाहुण्यांना पाणी बघ."

गेली. भाबडी आहे गं ती. मी सांगितलं आणि तिने ऐकलं.

त्यानंतर माझी जी दशा झाली ती मी शत्रूसाठीही मागणार नाही. भिंगरीची भिंगरी माझ्या अंगात शिरली. बसवेना. कपाट उघडायचे, रुमाल बघायचे, कपाट बंद करायचे. रुमालाला तेलाचा डाग, मुरड कडक होत चाललेली. भाजी करपली, दोनदा. तुझे आजोबा म्हणाले, "लेक गेली म्हणून होतंय तिला असं," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंगरी येऊन माझं डोकं चेपून द्यायची. तिची बोटं माझ्या कपाळावर, आणि कपाटात तिची बहीण.

आज सांगू, उद्या सांगू, असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी तुझी आई पहिल्यांदा माहेरी आली. सगळं सांगून झालं, सासू अशी, घर असं, आणि मग म्हणाली, "आई, एक गंमत. आम्ही जेवणवाल्यांच्या थाळ्या परत द्यायला गेलो होतो. तिथे एक म्हातारी आहे मुरडी करणारी. केवढी चिडली होती! म्हणे, माझ्या मुरडी कापल्या कुणी? माझ्या चवीची लोकांनी निंदा करावी, चालेल, पण कड बघायला हवी. मी म्हटलं, आजी, चूक झाली, सॉरी. तर विचारते कशी, कापायच्या आधी कुणी कड बघितली का? बघून कुणी काही बोललं का? वाढप्यांनी सांगितलं की प्रत्येक जेवणानंतर हेच विचारते. चाळीस वर्षं झाली. वेडीच आहे."

मी उठले. कपाट उघडलं. रुमाल घेतला. भिंगरी स्वयंपाकघरात होती, ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. मी रुमाल ओट्यावर ठेवला आणि सोडला.

"लग्नातली आहे. मी पाहिली होती. मीच कापायला लावल्या."

तिने मुरड उचलली. कड बघितली, कोपरा बघितला. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता ही मला उलथनं फेकून मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "नऊ दिवस?"

"दहा."

"दहा दिवस तुम्ही बसून होतात, जाऊबाई?"

"बसवलं कुठे गं मला," मी म्हटलं आणि रडायला लागले. ती म्हणाली, "रडा नंतर. चपला घाला."

अडीच तासांची बस. मी खिडकीशी, ती मधल्या वाटेत उभी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सगळी बस रिकामी आहे, बसा की." म्हणाली, "मी बसले की बस सुटते." तो म्हणाला, "बस सुटलीय, मावशी." ती म्हणाली, "तेच सांगतेय." तो बिचारा पुढे निघून गेला. ती दर थांब्याला खाली उतरून बघायची आणि परत चढायची. हातात तो रुमाल. मला सारखं वाटत होतं, परत ती कारखान्यातली पोरगी निघू नये. आणि पुढे असंही वाटत होतं, आणि हे मी खरं सांगतेय, की बहीण निघाली तर ही आमच्याकडे परत येईल का?

जेवणवाल्याची जागा म्हणजे एका बोळाच्या टोकाला लांबट खोली. दारात बटाट्यांची पोती, आत मोठ्या कढया, भिंती वाफेने ओल्या. चार बाया कामाला. टोकाच्या टेबलाशी स्टुलावर एक म्हातारी, बारीक, चष्मा दोरीने बांधलेला, मुरडी घालतेय. डाव्या हाताने. आम्ही दारात. मी बघत राहिले. तिने हाक मारून मीठ मागितलं, मीठ उजव्या हाताने घेतलं. चष्मा वर सारला, उजव्या हाताने. चहाचा पेला आला, उजव्या हाताने धरला. पारी उचलली की मात्र डावा हात. आणि तो डावा हात काही सराईत नव्हता, बरं का. चाळीस वर्षांनीही जरा अडखळायचा.

 मला वाटलं होतं भिंगरी धावेल, ओरडेल. ती गेली आणि त्या टेबलाशी रिकामं स्टूल होतं, त्यावर बसली. बसली! मी तिला तीस वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. एक पारी घेतली, सारण भरलं, दुमडली, डाव्या हाताने मुरडत गेली. कोपऱ्याशी आली. अंगठा लावला नाही. कोपरा उघडाच ठेवला आणि मुरड पुढे सरकवली.

म्हातारी खाली मान घालून करत होती. समोर उघडा कोपरा आला तसा तिने तो नकळत आत दुमडला, पीळ दिला आणि करवादली, "नवीन आहेस का? कोपरा उघडा टाकून चालतं? सारण तेलात जाईल सगळं."

"मला येत नाही," भिंगरी म्हणाली. "तो तूच करायचीस."

म्हातारीचा हात थांबला. ती वर बघेना. ती मुरड हातात घेऊन कड बघत होती, चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून. तिकडे कढईत तेल तडतडतंय, कोणी झारा मागतंय.

"तुला म्हटलं होतं, हलू नकोस," म्हातारी म्हणाली.

"मी हलले नाही, ताई. होडी हलली."

"मी पीठ घेऊन आले तर तू नाहीस."

"मी बसूनच होते गं."

मग दोघी काय बोलल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मी तेव्हा बटाट्याच्या पोत्यावर बसून हुंदके देत होते आणि एक अनोळखी बाई मला पाणी पाजत होती. ती विचारत होती, तुमचं कोण लागतं.

थोडं शांत झाल्यावर आम्हाला चहा मिळाला. मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, एक विचारू? तुम्ही उजव्या हाताच्या. मग मुरड तेवढी डाव्या हाताने? तुमच्या घरची रीतच तशी का? आई डावखुऱ्या होत्या ना."

"आई?" ती म्हणाली. "छे. कुणी सांगितलं?"

भिंगरीने पेला खाली ठेवला. "मला आठवतंय, ताई. ती डाव्या हाताने घालायची."

"तुला काय आठवणार! त्या वर्षी आईच्या उजव्या हातावर कढई उलटली होती. पंजा भाजला, महिनोन् महिने फडकं बांधलेलं. त्या वर्षीच तू मुरड शिकलीस. आई त्याआधी उजव्या हातानेच घालायची, आजी पण, सगळ्याच. रीत कसली? भाजलेला हात तो."

भिंगरी आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.  सगळा जन्म ही बाई ज्या कडेमागे पळाली, ती एका वर्षाची होती, एका कढईची.

"मग तुम्ही?" मी विचारलं. "तुम्हाला तर उजव्या हाताची येत होती."

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं शहाण्या माणसाने असला प्रश्न विचारू नये. "हिने ती पाहिलीच नव्हती," म्हणाली. "ओळखणार कशी?"

एवढं बोलून ती उठली, कारण संध्याकाळची ऑर्डर होती आणि अर्धाच थाळा झाला होता. परत स्टुलावर बसली. पारी घेतली, सारण घातलं. डावा हात पुढे आला आणि थांबला. तिने तो हात बाजूला घेतला, मांडीवर पुसला आणि उजव्या हाताने मुरड घालायला लागली. काय सांगू तुला! भराभर, भराभर, बघायला डोळा पुरेना. बारीक, एकसारखी, वेणी दुसऱ्या बाजूला कललेली. थाळा भरत गेला. बाकीच्या बाया काम सोडून बघायला आल्या. चाळीस वर्षांत त्यांनी तिला असं पाहिलं नव्हतं.

भिंगरीने एक उचलली. सवयीने उलटी केली, कड बघितली. तिला काही ओळख पटेना.

"ही कुणाची गं मुरड?"

"आईची," ताई म्हणाली. "सरक जरा. उजेड अडवतेस."

आता ताई दर रविवारी बसने येते आणि भिंगरीला उजव्या हाताची मुरड शिकवते, ते तू पाहिलंच आहेस. जमत नाही हिला. बोटं वळत नाहीत, सारण बाहेर येतं, दोघी कडाकडा भांडतात. परवा तर सारणात आई कांदा घालायची की नाही यावरून ताई न जेवताच निघाली होती, मीच दारातून परत आणलं. आणि भिंगरी बसते का म्हणशील, तर ताई समोर असली की बसते. ताईची बस कोपऱ्यावर वळली, की ही परत खिडकीत, दारात, जिन्यात.

ते वाढप्याचं आणि सॉसचं लिहिलंस ना? राहू दे. तुझी आई वाचेल तेव्हा बघू.